गॅलक्सीवर केलेलं आरएनए-सेक विश्लेषण नेक्स्टफ्लोमध्ये पुन्हा लिहायला हवं का?

तुम्ही आरएनए-सेकचं (कोणते जीन किती सक्रिय आहेत ते आरएनए वाचून मोजण्याचं) सगळं विश्लेषण गॅलक्सी या वेबवरच्या विश्लेषण-व्यासपीठावर ब्राउझरमधून केलंय, आता तुमच्या लेखाचा रिव्ह्यूअर 'दुसऱ्याला जसंच्या तसं चालवता येईल असा वर्कफ्लो (पायऱ्यांची ठरलेली साखळी) द्या' म्हणतोय, म्हणून तुम्ही नेक्स्टफ्लो, म्हणजे कोड लिहून वर्कफ्लो बनवण्याचं साधन, शिकायला निघाला आहात. माझं मत: एवढ्यासाठी थांबा. ब्राउझरमधलं काम म्हणजे कच्चं काम, ही समजूत मला मनापासून खटकते. गॅलक्सी २००५ पासून आहे आणि तुमच्या हिस्टरीत (केलेल्या कामाच्या यादीत) प्रत्येक पायरीचं टूल, व्हर्जन, सेटिंग आपोआप नोंदलं गेलंय. कमांड लाइनवर ही नोंद आपली आपण ठेवावी लागते.

हिस्टरीच्या मेनूतून 'एक्स्ट्रॅक्ट वर्कफ्लो' करा. फसलेल्या आणि दोनदा चालवलेल्या पायऱ्यांपुढच्या टिकमार्क आधी काढा, नाहीतर तो पसाराही वर्कफ्लोत येतो.

खरं काम त्यानंतर, एडिटरमध्ये. सगळ्यात जास्त वेळ जीटीएफ फाइलला (कोणता जीन गुणसूत्रावर कुठे आहे ते सांगणारी फाइल) द्या. ती वर्कफ्लोचं वेगळं, नाव दिलेलं इनपुट असू द्या आणि कोणत्या रिलीजची आहे ते तिथेच लिहा. यूसीएससीच्या एचजी३८ या मानवी जीनोममध्ये गुणसूत्राचं नाव 'सीएचआर१' असतं, एन्सेम्बल या दुसऱ्या डेटाबेसच्या जीटीएफमध्ये नुसतं '१'. नावं जुळली नाहीत, तरी फीचरकाउंट्सचा (प्रत्येक जीनवर पडलेले रीड, म्हणजे वाचलेले तुकडे, मोजणाऱ्या टूलचा) डबा हिरवा, म्हणजे यशस्वी, दिसू शकतो, एरर येत नाही, पण रीड जीनला लागत नाहीत. म्हणून समरी फाइलमधली 'असाइन्ड' (जीनला लागलेले रीड) ओळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्ट्रँडचंही, म्हणजे रीड डीएनएच्या कोणत्या धाग्याचा धरायचा याचंही, तसंच. तुमच्या लायब्ररी (वाचनासाठी नमुना) तयार करण्याच्या किटला 'रिव्हर्स' बरोबर असेल, पण ते वर्कफ्लोत पक्कं बसवलं आणि दुसऱ्याने वेगळ्या किटचा डेटा टाकला, तर आकडे गुपचूप बिघडतात. हे सेटिंग चालवताना विचारलं जाईल असं ठेवा. शंका असेल तर आरसेक्यूसी या गुणवत्ता तपासणीच्या टूलसंचातलं, स्ट्रँड ओळखणारं 'इन्फर एक्सपेरिमेंट' आधी चालवा.

व्हर्जन पूर्ण लिहा. '२.०.३+गॅलक्सी१' यात अधिकच्या आधी मूळ टूल, नंतर गॅलक्सीचं वेष्टन. लेखात दोन्ही भाग हवेत.

मग नव्या, रिकाम्या हिस्टरीत मूळ फास्टक्यू (कच्च्या रीडच्या) फाइल्सवर वर्कफ्लो चालवा आणि काउंट टेबल जुन्याशी ताडून बघा. जुळलं की ते इन्व्होकेशन (वर्कफ्लो चालवल्याची नोंद) आरओ-क्रेट या माहितीसकट पॅकेजच्या रूपात एक्सपोर्ट करा, वर्कफ्लो वर्कफ्लोहब या सार्वजनिक संग्रहावर टाका, लेखात दुवा द्या.

नेक्स्टफ्लो वाईट नाही. शेकडो सँपल संस्थेच्या क्लस्टरवर वारंवार चालवायचे असतील तर एनएफ-कोअर या समुदायाची नेक्स्टफ्लोमधली तयार आरएनए-सेक पाइपलाइन मीही सुचवेन. डेटा रुग्णांचा असेल आणि बाहेर नेता येत नसेल, तर सार्वजनिक सर्व्हर विसरा; गॅलक्सी संस्थेच्याच सर्व्हरवर बसवता येतं.

लायब्ररी कोणत्या किटने केली आणि जीटीएफ कुठून घेतली, ते इथे लिहा. स्ट्रँडचं सेटिंग आणि गुणसूत्रांची नावं एकदा मीही तपासून देतो.