मानवी तस्करी रोखण्यासाठी सामान्य माणसाने काय करावे?

पोलिसांत किंवा एखाद्या संस्थेत नसलेल्या माणसाला मानवी तस्करी रोखता येते का, आणि त्यासाठी स्थानकांवर, विमानतळांवर संशयास्पद लक्षणे टिपत राहावे का, असे आपण विचारले आहे. या कामात अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून राहिल्यावर पहिल्या प्रश्नाला मी ठामपणे होय म्हणते; दुसऱ्या गोष्टीला मात्र दुय्यम स्थान देते. फसवून नेला जाणारा माणूस प्रवासात पुष्कळदा आनंदात असतो, कारण फसवणूक अजून त्याच्याही लक्षात आलेली नसते. म्हणून आपल्यासारख्यांना सर्वाधिक वाव असतो तो आपल्या ओळखीचे कोणी कामासाठी दूर निघण्यापूर्वीच्या दिवसांत.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली स्वीकारलेल्या पालेर्मो प्रोटोकॉल या तस्करीविरोधी करारानुसार मानवी तस्करीचे तीन घटक आहेत: पहिला, माणसाची भरती, वाहतूक किंवा त्याला ठेवून घेणे; दुसरा, त्यासाठी बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा; आणि तिसरा, शोषणाचा हेतू. अशा मार्गाने मिळवलेली संमती ग्राह्य धरली जात नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत दुसरा घटक सिद्ध करण्याचीही गरज नसते. त्यामुळे ‘ती स्वतःच तर गेली’ या वाक्यावर विषय संपत नाही. पुष्कळांच्या मनात तस्करी म्हणजे केवळ लैंगिक शोषण असते; परंतु आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये कोणत्याही दिवशी सुमारे २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या श्रमात होते, आणि त्यांतील सुमारे १ कोटी ७३ लाख लोक खासगी क्षेत्रातील शेती, बांधकाम, कारखाने, घरकाम अशा कामांत अडकलेले होते. सुशिक्षितांनाही हा धोका आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून काम करायला लावले जात असावे. त्यांत संगणक आणि परभाषा जाणणारे अनेक तरुण होते.

मग निघण्यापूर्वी काय विचारावे? मालकाचे नाव आणि कामाचा नेमका पत्ता काय, करारपत्र स्वतःला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का, व्हिसा कामाचा आहे की पर्यटनाचा, पासपोर्ट कोणाकडे राहणार, आणि काम सोडावेसे वाटले तर काय होईल. दलालाने दिलेल्या क्रमांकावर फोन करून केलेली खात्री ही खात्री नव्हे. कंपनीचा क्रमांक स्वतः शोधावा. पैशांचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानते. भरतीचे शुल्क कामगाराकडून घेऊ नये, हे श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारातील तत्त्व आहे. दलालाचे पैसे भरण्यासाठी काढलेले कर्ज किंवा त्याच्याकडून घेतलेली उचल माणसाला नको त्या ठिकाणी बांधून ठेवते, कारण हात हलवत परतणे त्याला अशक्य वाटते. आपल्या नात्यातील कोणी अशा कर्जात पडत असेल, तर आपली बिनव्याजी मदत हजार उपदेशांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

हे प्रश्न अडवण्याच्या सुरात विचारू नयेत. जाणाऱ्याला कामाची खरीच गरज असते, आणि विरोध झाला की तो पुढची माहिती लपवतो. कागदपत्रांच्या प्रती आपल्याकडे ठेवाव्यात, फोनचा दिवस ठरवावा आणि आजूबाजूला माणसे असतानाही संकट कळवता येईल असा एखादा साधा शब्द ठरवावा. त्याचबरोबर स्पष्ट सांगावे की काम फसले आणि डोक्यावर कर्ज असतानाच परत यावे लागले तरी कोणी दोष देणार नाही. अनेकांना कुलपाइतकीच लाजही कोंडून ठेवते, आणि ती कमी करणे केवळ आप्तांनाच जमते.

आपल्या आसपास कोणी आधीच अडकले असल्याचा संशय आला, तर मालकाला जाब विचारू नये, स्वतः सुटका करायला जाऊ नये आणि छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. शिक्षा त्या व्यक्तीलाच भोगावी लागते. संधी मिळाल्यास तिच्याशी एकट्याने बोलावे आणि दुभाषा मालकाचा माणूस नसावा. वेतन हातात मिळते का, एकटीला बाहेर जाता येते का, कागदपत्रे कोणी काढून घेतली आहेत का, हे तिच्याकडून कळले तर बरेच उलगडते. प्रौढ व्यक्तीची इच्छा विचारात घ्यावी. मूल असेल किंवा जिवाला धोका असेल, तर पोलिसांना अथवा बालसंरक्षण यंत्रणेला लगेच कळवावे. तक्रारीत प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकलेले तेवढेच द्यावे. केवळ रंग, भाषा किंवा पेहराव वेगळा म्हणून एखाद्या कुटुंबावर संशय घेणे हा अन्यायच आहे.

देणगीबाबतही सावध असावे. अनाथालयांतील अनेक मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात, आणि काही ठिकाणी देणगीदार व पाहुणे यावेत म्हणूनच मुले घरांतून आणली जातात. मुलांना आपल्या कुटुंबात राहता यावे यासाठी झटणाऱ्या कामाला पैसे द्यावेत.

सुटून आलेल्यांचा प्रश्न बहुतेक वेळा मागे पडतो. कर्ज तसेच असते, वेतन बुडालेले असते, आणि तोच किंवा दुसरा दलाल पुन्हा दारात येतो. अशा व्यक्तीकडून हकिकत वदवून घेण्याची घाई करू नये. तिच्या संमतीने संदेश, पैसे भरल्याच्या पावत्या आणि दलालाचे क्रमांक जपून ठेवावेत, कायदेशीर मदत मिळवून द्यावी, आणि तिला जमेल असे काम शोधण्यात साथ द्यावी.