थालरवरील ‘तीस’ कशाचे?

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात 1866 सालचे एक चांदीचे नाणे सापडले. एका बाजूस राजाचे मस्तक व खाली ‘ए’ हे अक्षर, तर दुसऱ्या बाजूस मुकुटधारी गरुड आणि ‘आइन फेराइन्सथालर’ या शब्दांसोबत रोमन आकड्यांतील तीस व ‘आइन फुंड फाइन’ असा मजकूर आहे. हे तीस थालरचे नाणे समजावे काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. थालर हे जुन्या जर्मन राज्यांतील चांदीचे नाणे, आणि आपले नाणे एकाच थालरचे आहे. एक पौंड शुद्ध चांदीतून अशी तीस नाणी पाडली आहेत, असे तो मजकूर सांगतो. हा पौंड 500 ग्रॅमचा असल्याने प्रत्येक नाण्यात 16.67 ग्रॅम शुद्ध चांदी येते आणि एक दशांश तांबे धरून वजन 18.52 ग्रॅम होते. (आपला जुना राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा होता.) मस्तक प्रशिया या उत्तर जर्मन राज्याचा राजा पहिला विल्हेल्म याचे असून ‘ए’ ही बर्लिन टाकसाळीची खूण आहे.

चांदीचे हे प्रमाण नाण्यावरच कोरण्याचे कारण असे की, 1871 पूर्वी जर्मनी हे एक राज्य नव्हते. उत्तरेत थालर, तर दक्षिणेत गुल्डन चाले, आणि परक्या राजाच्या नाण्याचा कस व्यापाऱ्याला पटावा लागे. नुसत्या ‘थालर’ या नावावर विसंबण्यात अर्थ नव्हता. 1753 च्या ऑस्ट्रिया-बव्हेरिया करारानुसार ‘कोलोन मार्क’ या सुमारे 233.86 ग्रॅमच्या जुन्या वजनाएवढ्या शुद्ध चांदीतून दहा थालर निघत, तर प्रशिया तेवढ्याच चांदीतून चौदा काढी. म्हणजे नाव एकच असूनही पहिल्यात सुमारे दीडपट चांदी. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचे प्रसिद्ध 1780 सालचे नाणे त्या जड घराण्यातले आहे. ते दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टाकसाळीतही पाडले गेले, तेव्हा त्यावरील साल वाचून फसू नये.

1857 च्या व्हिएन्ना कराराने मार्काऐवजी पौंड आला, पण प्रशियाच्या थालरमधील चांदी जेमतेम 0.04 ग्रॅमने घटली, त्यामुळे जुनी-नवी नाणी शेजारी शेजारी चालली. साम्राज्य स्थापन झाल्यावरही थालर नव्या ‘मार्क’ चलनातील तीन मार्कांच्या भावाने 1907 पर्यंत चलनात राहिला.

नाणे घासून उजळवू नये. त्याऐवजी सोनाराच्या काट्यावर तोलावे आणि कड पाहावी. अस्सल नाण्याच्या कडेवर ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे ‘देव आमच्यासोबत’, ही अक्षरे असतात.