हात जड, खांदा आखडलेला

प्रश्न : डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, मग रेडिएशन. आता बांगड्या रुततात, हात वर जात नाही. सासूबाई म्हणतात, गरम तेलाने रगडून घे. घेऊ का?

उत्तर : नको, ताई. शेकल्या-रगडल्याने तिथला रक्तप्रवाह वाढतो. ग्रंथी काढल्याने हातातल्या द्रवाचा निचरा आधीच मंदावलेला, त्यामुळे सूज आणखी चढू शकते. बांगड्या आजच काढा.

मनगटापासून दर 10 सेंमीवर दोन्ही हात टेपने मोजा. 2 सेंमीचा फरक दिसला तर लिम्फिडिमाची (निचरा न झाल्याने येणाऱ्या अशा सुजेची) माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. दाबाची बाही, म्हणजे सूज आवरायला हातावर चढवायची घट्ट लवचिक बाही, मापानेच घ्यावी. सकाळी उठल्याबरोबर चढवा, झोपताना काढा. वरची कड गुंडाळली गेली तर तिथेच आवळते आणि खालचा हात फुगतो. हे फार जणींच्या लक्षात येत नाही.

खांदा दुखतो म्हणून हात अंगाशी धरून ठेवलात तर तो आणखी आखडेल. भिंतीकडे तोंड करून बोटं वर सरकवत न्या, ताण जाणवला की थांबा, पाच अंक मोजा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. कळ आली तर तेवढ्यावर सोडा.

भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जंतुसंसर्गाला अँटिबायोटिक लागतं.