सुलभ, सुगम की सुगम्य?

साताऱ्यातील एका हौशी नाट्यसंस्थेच्या चिटणीसांनी विचारले आहे की, प्रयोगाच्या जाहिरातीत नाट्यगृह दिव्यांगांसाठी ‘सुलभ’ आहे असे लिहावे, ‘सुगम’ म्हणावे, की सरकारी कागदांतला ‘सुगम्य’ घ्यावा. हा तिसरा शब्द त्यांना हिंदी वाटतो.

३ डिसेंबर २०१५ रोजी इमारती, वाहतूक वगैरे दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठी केंद्र सरकारचे ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले आणि त्या नावाबरोबर हा शब्द आपल्याकडच्या पाट्यांवर आला, त्यामुळे शंका रास्त आहे. पण त्याचे गणगोत मराठीच्या घरातलेच आहे. ‘गम्’ म्हणजे जाणे. जिथे सुखाने जाता येते ते सुगम, कष्टाने जावे लागते ते दुर्गम, आणि ‘दुर्ग’ही याच धातूचा, हे अजिंक्यतारा चढलेल्या सातारकरास वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

‘सुलभ’ मात्र ‘लभ्’ म्हणजे मिळणे यावरून आला आहे. तिकीट सुलभ असू शकते, जिना नव्हे. (शिवाय ‘सुलभ’ची पाटी दिसली की आपल्याला आधी आठवते ते शौचालय.) ‘सुगम’ला संगीताने इतके आपलेसे केले आहे की, ‘सुगम नाट्यगृह’ वाचून कोणी भावगीतांचा कार्यक्रम समजेल.

‘सुगम्य’च्या बाजूने माझे मत पडते ते ‘गम्य’मुळे. ‘त्यातले मला काही गम्य नाही’ असे आपण म्हणतो, न उमगणाऱ्यास अगम्य म्हणतो. संस्कृतात गतिवाचक धातू ज्ञानवाचकही असतात, त्याचा हा वारसा. म्हणजे पोहोचणे आणि कळणे हे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत, आणि नाट्यगृहाला दोन्ही लागतात: चाकाची खुर्ची आसनांपर्यंत गेली पाहिजे, तसा संवाद बहिऱ्या प्रेक्षकापर्यंतही गेला पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्येही नुसत्या इमारतीचा नव्हे, कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणण्याचा उल्लेख आहे.

शब्द मात्र जपून वापरावा. मी पाहिलेल्या एका सभागृहात दाराशी ‘सुगम्य’ लिहिले होते. तीन पायऱ्यांची मिळून दीड फूट उंची. एक फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणाने उतार अठरा फूट लांब हवा, तो जेमतेम सहा फूट होता आणि वर पोहोचल्यावर पुन्हा उंबरठा. रंगपटाकडे, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीकडे, तर जिन्यावाचून वाटच नव्हती. कुबड्या घेऊन येणारा नटही असू शकतो, हे बांधणाऱ्याच्या मनात आले नसावे.

म्हणून ‘सुगम्य’ मथळ्यात एकदाच येऊ द्यावा, ‘दिव्यांगांसाठी’ गाळावे, कारण काठी टेकत येणाऱ्या आजोबांनाही तीच वाट लागते, आणि खाली जे खरोखर आहे तेवढेच लिहावे. उदाहरणार्थ: ‘फाटकापासून आसनांपर्यंत पायरी नाही. चाकाच्या खुर्च्यांसाठी पहिल्या रांगेत दोन जागा. रविवारच्या प्रयोगास सांकेतिक भाषेचे दुभाषी. रंगपटाकडे जिन्यानेच जावे लागते.’