मनकवडा म्हणजे कवडीमोल मनाचा नव्हे!

चाळीसगावहून भाचीचा प्रश्न आलाय, "मामा, मनकवडा म्हणजे कवडीमोल मनाचा, चंचल वगैरे का?" नाही गं बाई. दुसऱ्याच्या मनातलं न सांगता ओळखतो तो मनकवडा, बाई असली तर मनकवडी, आणि शब्द कौतुकाचाय. तरी मागच्या महिन्यात जळगावात एका निरोप समारंभात सूत्रसंचालक माइकवर म्हणतो, "सर इतके मनकवडे की मनात येईल तेच करणार!" अरे, तो मनमौजी! सर बिचारे हसत बसले.

आता खरी गंमत. ओळखीचे एक रिटायर्ड प्राध्यापक ठासून सांगतात की मूळ शब्द 'मनकवळा', मनाला कवळणारा, पुढे ळ चा ड झाला. सर, एकदा आमच्या खान्देशात या आणि कान उघडे ठेवा. आम्ही केळीला केयी म्हणतो, डोळ्याला डोया, ओढाळ गुराला वढाय, ळ दिसला की य केलाच. मग हा शब्द ळ चा असता तर माझी आजी 'मनकवया' नसती का म्हणाली? ती चांगला ठणठणीत ड काढायची. आणि कवड्या टाकून भविष्य सांगतात त्यावरून आलाय म्हणणारेही आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, वेळ जातो.

माझं म्हणणं, यात कवाड लपलंय. मनाचं कवाड ज्याला उघडता येतं तो मनकवडा. कवाड आलं संस्कृत कपाटवरून, प चा व झाला जसा दीपचा दिवा, ट चा ड झाला जसा घटाचा घडा. कपाट म्हणजे मुळात दाराची फळी, म्हणून तर हिंदी बातम्यांत बद्रीनाथचे 'कपाट' उघडतात, आणि आपण त्यात साड्या ठेवतो! मधला आ कुठे गेला विचाराल तर नाकाचा नकटा होताना जिथे गेला तिथेच.

हां, वापर राहिला. टीव्हीवर बंद पाकिटातला आकडा ओळखून टाळ्या घेतो तो मनकवडा नाही, तो जादूगार. आजी हा शब्द आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला, लावायची. आजोबा नुसते आभाळाकडे बघायचे, तोंडातून शब्द नाही, आणि हा खळ्यातल्या दादर ज्वारीवर ताडपत्री टाकून मोकळा. खळ्यात म्हणजे अर्थात खयात.