मोसमातली पहिली माउंटन बाईक रेस करायची आहे, मुंबईत राहून तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला राहता, दोन वर्षं रोड बाईक चालवताय, दर रविवारी ठाण्याच्या येऊरचा चढ मारता आणि दिवाळीनंतर कर्जतच्या बाजूला होणाऱ्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक रेसला नाव दिलंय. हातात पाच आठवडे आहेत. मी बोरिवलीची, गेली सहा वर्षं या रेस करतेय, त्यामुळे वाचून राहवलं नाही.

दमाची काळजी सोडा. येऊर न थांबता चढणाऱ्याचे पाय कमी पडत नाहीत. कमी पडतो तो हात. सुट्या मुरमावरून उतरताना हँडलवर आणि ब्रेकवर जो हात लागतो, तो मुंबईच्या डांबरावर तयारच होत नाही. त्यात ही मोसमातली पहिली रेस. चार महिने पावसाने वाट कोरून काढलेली असते, गवत कमरेएवढं वाढून नुकतं पिवळं पडायला लागलेलं असतं. गेल्या वर्षी तिथेच सायकल चालवलेल्यालाही ती वाट नवीन असते. म्हणून सगळ्यात आधी हे ऐका: आदल्या दिवशी जा आणि पूर्ण लॅप, म्हणजे रेसच्या वाटेची एक फेरी, पायी फिरून या. सायकल न घेता.

माझ्या पहिल्या रेसला मी ते केलं नव्हतं. पहाटे घरून निघाले, आठला पोचले, सायकलला स्पर्धेचा नंबर लावला आणि थेट स्टार्टला उभी राहिले. कापणी झालेल्या भातखाचरातून सुरुवात होती. सगळे जीव खाऊन सुटले, मीही सुटले. पुढे वाट अरुंद होते, तिथे आधी पोचलो नाही तर अडकू, हे सगळ्यांच्याच डोक्यात असतं आणि ते खोटंही नाही. पण पहिला चढ संपेपर्यंत माझा श्वास घशाशी आला होता आणि तशातच उतार लागला. एका बाजूला करवंदीची जाळी, दुसरीकडे गवत, मधे हातभर वाट. त्या गवताखाली पाण्याने वीतभर खोल चर पाडलेला. पुढचं चाक त्यात गेलं तेव्हा तो मला दिसला. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि हँडलवरून पुढे, कोपरावर पडले. मुरूम कातडीत रुततो तेव्हा आधी दुखत नाही, नुसतं गरम लागतं. चेन उतरली होती. ती चढवेपर्यंत सहा जण पुढे गेले.

वळणावर उभा असलेला गावातला मुलगा धावत आला, सायकल उचलून दिली आणि म्हणाला, ‘ताई, चाकाखाली काय बघताय? त्या पळसाकडे बघा, वाट तिकडेच जाते.’ उतरण्याबद्दल याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. नजर चाकावर ठेवली की सायकल अडखळते. पंधरा-वीस फूट पुढे ठेवली की हात आपोआप मऊ होतात.

मुरूम म्हणजे आपला काळा दगडच, ऊनपावसाने झिजून बारीक झालेला. खाली टणक जमीन आणि वर सुटे खडे, फरशीवर ज्वारी सांडावी तसे. त्यावर वळणात ब्रेक लावला की चाक सरकतंच, म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा. उतारावर दोन्ही पेडल आडवी एका पातळीत, बूड सीटवरून उचलून मागे, कोपरं बाहेर, ब्रेकवर एकेकच बोट. चढावर रोडची एक सवय मोडावी लागेल. तिथे तुम्ही उभं राहून पेडल मारत असाल. इथे उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी गरगर फिरतं. बसूनच चढा, छाती हँडलकडे झुकवून, आणि हलका गिअर चढ लागायच्या आधी टाका.

सराव घराखाली सुरू करा. मी रात्री दहानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या बाटल्या मांडून अगदी सावकाश आठचा आकडा काढायचे. वॉचमन काका रोज बाटल्या थोड्या थोड्या जवळ सरकवत न्यायचे, त्या वीस मिनिटांनी मला खूप दिलं. चढासाठी येऊर आहेच, नॅशनल पार्कात कान्हेरीचा साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ताही चांगला. पण आतल्या पायवाटांवर सायकल घालू नका, येऊरलाही नाही. ते संरक्षित जंगल आहे, बिबट्याचं घर आहे. मातीची सवय करायला दोन-तीन रविवार बदलापूर-कर्जतकडच्या गाववाटांवर जा, कुणाला तरी सोबत घेऊन.

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून माउंटन बाईकचा जो क्रॉसकंट्री प्रकार आहे, त्याच धर्तीची लॅपची रेस असेल तर आयोजकांना एक विचारून ठेवा: ८० टक्क्यांचा नियम लावणार का? म्हणजे पहिल्या नंबरच्या स्पर्धकाला पहिल्या लॅपला २० मिनिटं लागली, तर त्याच्यामागे १६ मिनिटं पडणाऱ्याला थांबवतात. तो लागू असेल तर सुरुवातीला फार मागेही राहून चालणार नाही.

पाण्याची बाटली पहिल्याच उतारावर उडून जाते. पाठीवरची पाण्याची पिशवी घ्या, त्यात लिंबू, मीठ, साखर. दहा वाजले की तिकडचं ऊन चांगलंच चटकतं.

राहिली हवा. रोडला तुम्ही ९०-१०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत असाल, तो आकडा विसरा. माझं वजन ५८ किलो, ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे २१ आणि मागे २३ ठेवते. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तुमचे टायर ट्यूबलेस आहेत का, आणि वजन किती, तेवढं लिहा. किती हवेपासून सुरुवात करायची ते सांगते.