रिपोर्ट नॉर्मल आले, मग आई अशी का वागते?

ऑपरेशन होऊन माणूस घरी आला, टाके सुकले, डॉक्टरांनी 'आता काळजीचं काही नाही' म्हणून सांगितलं, तरी तो पहिल्यासारखा होत नाही. ही तक्रार घेऊन माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा पेशंट नसतो. मुलगा येतो, सून येते, कधी जावई. 'रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत मॅडम, पण घरात कुणाशी धड बोलत नाही. रात्री झोपत नाही. डोक्यावर तर परिणाम झाला नसेल ना?' शेवटचं वाक्य नेहमी जरा हळू आवाजात येतं.

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका घराचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. त्या बाईंना आपण आक्का म्हणू.

आक्का साठी ओलांडलेल्या. घरातून जेवणाचे डबे द्यायच्या. गुडघे दुखायचे, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खायच्या, त्याही उपाशीपोटी, कारण सकाळी डब्यांची घाई. दुखण्यावरच्या अशा गोळ्यांनी जठराला जखम होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्री पोटात असह्य कळ आली. पहाटे दवाखान्यात नेलं तर जठराला भोक पडलेलं. तातडीनं ऑपरेशन झालं, पुढं जंतुसंसर्ग रक्तात गेला, व्हेंटिलेटर लागला, जवळपास दोन आठवडे आयसीयूत काढले. त्या वाचल्या ही साधी गोष्ट नाही.

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण आक्का मुलाशी बोलेनात. सुनेच्या हातचं खायच्या, नातीला जवळ घ्यायच्या, मुलगा खोलीत आला की तोंड भिंतीकडे. रात्री दोन-तीनला उठून बसायच्या. वॉशिंग मशीनचं काम संपल्यावर टीं टीं वाजलं की अंगाला घाम. आणि टाक्यांच्या तपासणीला जायचं म्हटलं की 'मी न्हाई येत' एवढंच. मुलगा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सुपरवायझर. तो मला म्हणाला, 'पंधरा दिवस दवाखान्याच्या पायरीवर झोपलो, आणि माझ्यावरच राग?'

त्या माझ्याकडे यायला तयार नव्हत्या, म्हणून मीच घरी गेले. पहिल्या भेटीत दवाखान्याचा विषय मी काढलाच नाही. कांदा-लसूण चटणीत खोबरं किती, यावर बोलणं झालं. या आजारातून उठलेल्या माणसाला घरचे सारखं 'विसर आता ते' म्हणत असतात. त्यात माया असते, पण दारही बंद होतं. दुसऱ्या भेटीत, घरात दुसरं कुणी नसताना, मी विचारलं, 'तिथं असताना काय काय दिसलं तुम्हाला?'

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. बराच वेळ गेल्यावर म्हणाल्या, 'शुद्ध आली तर हातात बांगडी न्हाई. गळ्यात डोरलं न्हाई. पलीकडं कोणतरी हंबरडा फोडून रडत हुतं. म्हटलं, गेले हे. आणि माझ्यापासनं लपवत्यात.'

हे, म्हणजे आबा, त्यांचे मालक. ते तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

पुढचं हळूहळू आलं. मुलगा रोज येतो आणि खोटं बोलतो, 'आबा बरे आहेत' म्हणतो. बोटाला सारखं काहीतरी लावतात, म्हणजे घराच्या कागदावर अंगठे घेतात. ओरडायला जावं तर आवाज नाही. उठायला जावं तर हात बांधलेले. एकदा टोपी घातलेला, तोंड झाकलेला कुणी म्हातारा येऊन पायाला हात लावून गेला, तो कोण कुणास ठाऊक. घरी आल्यावर आबा समोर दिसले, तेव्हा डोक्याला कळलं की माणूस जिवंत आहे. पण रात्री खात्री वाटेना. त्या उठून बसायच्या ते आबांचा श्वास चालू आहे का बघायला. आणि हे कुणाला सांगायचं? 'येडी झाली म्हणतील.'

आक्कांना वेड लागलेलं नव्हतं. आयसीयूत पेशंटला जो भ्रम होतो त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची, ते हेच. अंगातला जंतुसंसर्ग, झोपेची औषधं, चोवीस तास दिवे, तुटक झोप आणि त्यात वय, असं सगळं एकत्र आलं की मेंदूचा तोल जातो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये अनेक अभ्यासांत निम्म्याहून जास्त जणांना तो झालेला आढळलाय. काही जण आरडाओरडा करतात, नळ्या ओढतात, तेव्हा ते लक्षात तरी येतं. काही नुसते गप्प पडून असतात, आणि नातेवाईक म्हणतात, 'शांत आहे.'

भ्रम बहुतेकांचा उतरतो. त्या काळातल्या आठवणी मात्र मागे राहतात, आणि त्यांची अडचण अशी की त्या निव्वळ खोट्याही नसतात. आक्कांच्या बांगड्या खरंच काढल्या होत्या. ऑपरेशनला अंगावर धातू ठेवत नाहीत आणि सुजेनं हात आवळतो, म्हणून काचेच्या कापल्या होत्या. हात खरंच बांधले होते, कारण त्यांनी श्वासाची नळी ओढली होती. आवाज खरंच नव्हता, ती नळी स्वरयंत्रातूनच जाते. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. टोपीवाला म्हातारा म्हणजे आबाच. तुकडे सगळे खरे, त्यांची जुळणी तापलेल्या डोक्यानं केलेली. अशा वेळी 'तसं काही नव्हतं गं आई' म्हणणारा माणूस तिला आणखी खोटा वाटतो, कारण तसं काही तरी होतंच की.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडच्या आयसीयूत नर्सेस पेशंटसाठी रोजची डायरी लिहितात, ती नंतर त्याच्या हातात देतात. युरोपात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा डायरीनं मनावरच्या आघाताची लक्षणं कमी झालेली दिसली. फ्रान्समधल्या 2019 च्या मोठ्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही. म्हणजे ही जादू नव्हे. पण ज्या घरात माणूस माणसावर संशय घेऊन बसलाय, तिथं मला तिचा उपयोग होतो.

आपल्याकडे अशी डायरी कोण लिहिणार? पण ती लिहिलेलीच असते. मुलानं बहिणीला पुण्याला रोज रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज टाकले होते. मेडिकलची बिलं पिशवीत तारखेनिशी होती. डिस्चार्ज कार्ड होतं. सुनेनं दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर घरच्यांना माहीत असलेलं, उजव्या पानावर आक्कांना आठवतं ते, सून लिहून घेणार. अट एकच घातली होती, उजव्या पानावरचं कुणी खोडायचं नाही.

डाव्या पानावर मुलाचे मेसेज उतरवले. 'रात्री नळी ओढली. हात बांधलेत, सही घेतली माझी.' 'आज आबांना आत सोडलं. गाऊन-टोपी घालून. आई बघत होती, ओळखलं नाही. आबा बाहेर येऊन काहीच बोलले नाहीत.' 'पलीकडच्या बेडवरचा पोरगा गेला. त्याच्या आईकडं बघवेना.'

हा तिसरा मेसेज वाचून झाल्यावर आक्कांनी वही मिटायला सांगितली. रडणं कुणाचं होतं ते त्यांना कळलं होतं.

काही दिवसांनी त्यांनी मुलाला विचारलं, 'बांधलं तवा तू हुतास?' तो म्हणाला, 'बाहेर होतो. सही मीच केली.' मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की सफाई देऊ नको, विचारेल तेवढंच सांग. त्या गप्प राहिल्या. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न परत विचारला, आणि त्यानं तेच उत्तर दिलं. एका बैठकीत गळ्यात पडून सगळं मिटतं, असं सिरियलमध्ये होतं. इथं तोच प्रश्न परत परत येतो आणि दर वेळी चिडचिड न करता तेच उत्तर द्यावं लागतं.

तपासणीला जायचं आम्ही तुकड्या-तुकड्यानं केलं. आधी रिक्षातून दवाखान्यावरून नुसतं जाऊन रंकाळ्यावर. मग गेटपर्यंत. मग सर्जनना आधी कळवून दुपारची, गर्दी नसलेली वेळ घेतली, आणि सोबत मुलगा न जाता आबा गेले. पुढे एकदा, दिवसाउजेडी, त्यांना आयसीयूच्या दारातून आत डोकावून बघायचं होतं. तिथल्या सिस्टरनी दाखवलं. 'एवढीच खोली व्हय?' म्हणाल्या.

शरीराचंही बोलते, कारण निम्मी घाबरगुंडी त्यामुळेच होते. आयसीयूतल्या पहिल्या दहा दिवसांत मांडीचा स्नायू सरासरी 17-18 टक्क्यांनी आटतो, असं एका अभ्यासात मोजलंय. त्यामुळे आक्कांना मोरीत खाली बसून उठता येईना, यात आळस कसला? खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं आणि गल्लीत रोज थोडं चालणं, हे सर्जनना विचारून सुरू केलं. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळायला लागतात, मोठ्या आजारानंतर ते होतंच आणि पुढे परत येतात. हे आधी सांगितलं नाही तर बायका हाय खातात. आणि खाणं! जठराचं ऑपरेशन म्हणून घरच्यांनी तीन महिने मऊ भातावर ठेवलं होतं. स्नायू भाताच्या पेजेनं भरत नाहीत. सर्जनची परवानगी घेऊन अंडी, डाळ, दूध थोडं-थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा सुरू झालं. पांढरा रस्सा नंतर शेजारच्यांनीच आणून दिला. गुडघ्याच्या गोळ्या मात्र कायमच्या बंद. आता काय घ्यायचं ते डॉक्टरच सांगतात.

भेटायला येणाऱ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'आमच्या मेव्हण्याचं पण असंच झालेलं, तो काय वाचला नाही' हे ऐकवायला लोक सफरचंदं घेऊन येतात. पंधरा मिनिटं, चहा, आणि दारापर्यंत सोडायला घरातलं कुणीतरी आधीच उभं असावं.

कधी थांबायचं नाही, तेही सांगते. ताप, जखमेतून पू, पोटात जोराची कळ, काळी शी, एका पोटरीला सूज किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि गंभीर वाटलं तर 108. घरी आल्यावर माणूस परत एकाएकी बरळायला लागला, तर ते मनाचं म्हणून सोडू नका, पुन्हा जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. झोप, भीती, जेवण यांत महिन्याभरात काहीच सुधारणा नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचं बोलत असेल तर महिन्याचीही वाट बघू नका. टेली मानस, 14416, हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आक्कांनाही काही महिने झोपेसाठी औषध लागलं, त्यात कमीपणा काही नाही.

आक्का आता मुलाशी बोलतात. मशीनचं टीं टीं सुनेनं बंद करून टाकलंय. डबे सुरू करायचे की नाहीत यावरून घरात वाद चालू आहे, आणि मी त्यात पडत नाही.

मुलाचं काम अजून बाकी आहे. आयसीयूनंतरच्या या त्रासाला तज्ज्ञांनी 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असं नाव दिलं, तेव्हा त्यात नातेवाइकांचाही समावेश केला होता. रात्री फोन वाजला की हा अजून दचकून उठतो. आईच्या वेळेला तो कधी चुकला नाही. स्वतःची वेळ घेतली की नेमकं त्याच दिवशी कारखान्यात ऑडिट निघतं.